बोकडाला दावं लावू नये

४ ऑक्टोबर, शनिवार

आर्लिसनं ही वही आणून दिली. म्हणाली, "दिवसभर त्या मंचावर परक्या लोकांशी भांडतोस, त्यातलं थोडं इथं भांड. वही उलट उत्तर तरी देत नाही." बायको चेष्टा करते आहे हे मला कळतं, पण कल्पना पटली. कागदाला वायर नसते. मर्ल स्टेन्सरुड, वय एकोणसत्तर, सकाळी काय खातो आणि कुणावर चिडतो, हे कागद कुठल्याही कंपनीला जाऊन सांगत नाही.

इंटरनेटवरच्या त्या मंचाचं नाव 'मोकळं रान'. बंदुकीचा हक्क, माणसाचा खाजगीपणा आणि रोज उगवणारी नवी यंत्रं, या तीन विषयांवर तिथं देशभरची माणसं रोज वाद घालतात. धान्याच्या कोठारातली यंत्रं दुरुस्त करायची नोकरी संपली तेव्हापासून मी तिथं आहे. तिथं मी 'गंजका खिळा'. खरं नाव, गाव, नातीगोती काही सांगायची नाहीत हा तिथला पहिला नियम, आणि तो मीच घालून दिला. घरच्या माणसाबद्दल बोलायचंच झालं तर त्याला जनावर करून बोलायचं. आर्लिस म्हणजे 'म्हातारी घोडी'. हे तिला माहीत नाही.

आज दुपारी आमच्या मुलाचा, कोडीचा, मिझूलाहून फोन आला. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला येणं कठीण आहे म्हणाला. का, विचारलं तर म्हणाला, थांब, टेसाच सांगेल. टेसा आमची सून. तिथल्या इस्पितळात अपघात विभागात नर्स आहे.

"मर्ल," ती म्हणाली, "तुमच्या बंदुकांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्या वडिलांकडे तुमच्यापेक्षा जास्त होत्या. पण मागच्या दाराआड ती भरलेली रायफल उभी असते ना, ती कुलपात गेली पाहिजे. इंगा आता रांगायला लागलीय."

"ती रायफल माझ्या वडिलांच्या काळापासून तिथंच उभी आहे. कोल्हा कोंबड्यांमध्ये शिरला तर काय किल्ली शोधत बसू?"

"घर तुमचं, हक्क तुमचा. मुलगी माझी, हक्क माझा. रायफल उघडी असेल तर इंगा येणार नाही."

मी फोन ठेवला. म्हणजे आधी तिनं ठेवला, पण मीही ठेवणारच होतो.

इंगा आमची एकुलती एक नात. उन्हाळ्यात आली होती तेव्हा नुसती पाय झाडत पडून असायची. आता रांगते म्हणे. मी अजून पाहिलेलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मंचावर जुंपली आहे. घरात बंदुका कुलपात ठेवायची सक्ती करावी का, हा विषय. मी लिहिलं, "हक्काला सरकारनं कुलूप लावलं की हक्क उरत नाही, परवानगी उरते." काय टाळ्या पडल्या! दिवसभर मी छाती काढून हिंडलो.

मग साळिंदर आलं. हे साळिंदर वसंतात मंचावर दाखल झालं, आणि माझ्या प्रत्येक वाक्यात एक काटा खुपसून जातं. माझी खात्री आहे, सिअ‍ॅटलमधला कुणी बिनलग्नाचा, महागडी कॉफी पिणारा पोरगा असणार. त्यानं लिहिलं, "हक्क तुझा, खिळ्या, मान्य. सक्तीबद्दलही आपण पुढं भांडू. पण तुझ्या दारातून आत येणारा प्रत्येकजण तुझ्याएवढा उंच नसतो."

मी संध्याकाळपर्यंत लिहीत-खोडत बसलो. शेवटी लिहिलं की तुझा मुद्दा विषयाला सोडून आहे. मुद्दा विषयाला सोडून नव्हता.

१२ ऑक्टोबर, रविवार

कोडीनं वाढदिवसाला पाठवलेली ती दाराची घंटा मी फ्रीजरमध्ये, एल्क हरणाच्या मांसाखाली ठेवली आहे. तिच्यात कॅमेरा आहे. माझ्या दारात कोण आलं हे मला खिडकीतून दिसतं, ते परक्या कंपनीला कशाला दिसायला हवं?

मंचावर हे सांगितलं. साळिंदर म्हणालं, "शाब्बास. पण बॅटरी काढलीस का? एल्कलाही खाजगीपणा असतो." मी इतका हसलो की आर्लिस लाटणं हातात घेऊन बाहेर आली.

खरं सांगायचं तर खाजगीपणाच्या बाबतीत साळिंदर माझ्याहून कडवं आहे. पुलावर गाड्यांच्या नंबरपाट्या वाचणारे कॅमेरे हवेत असं कुणीसं म्हणत होतं, त्याला त्यानं असं सोललं की बिचारा पुन्हा दिसला नाही. शत्रू असावा तर असा. "तुझं त्या साळिंदराशी लग्न लावून देऊ का?" आर्लिस म्हणाली.

आज मनात होतं ते मंचावर लिहून टाकलं. "आमच्या कळपात दुसऱ्या गोठ्यातून आलेलं एक खेचर आहे. माझ्या बापाची रायफल कोल्ह्यांसाठी मागच्या दाराआड उभी असते. खेचराचं म्हणणं, ती कुलपात जात नाही तोवर कोकरू दाखवणार नाही. याला दादागिरी नाही तर काय म्हणायचं?" सगळे माझ्या बाजूनं धावले. साळिंदर मात्र चिडीचूप.

१५ ऑक्टोबर, बुधवार

साळिंदर अजून गप्प. वादात हरलं म्हणून तोंड लपवून बसलं असणार. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा, पण मंच अगदी मिळमिळीत झाला आहे. आजारी तर नसेल?

१९ ऑक्टोबर, रविवार

आलं! आणि चक्क खाजगी निरोप पाठवला. जसाच्या तसा उतरवतो.

"खिळ्या, तुझा सल्ला हवाय. आमच्याकडे एक म्हातारा बोकड आहे. मनानं सोन्यासारखा, पण हट्टी. सरळ सांगायला जावं तर शिंगं रोखतो. मी एकदा सरळ सांगून पाहिलं, चूक झाली. असा बोकड कसा वळवावा?"

मला त्या पोराची दया आली. सासरा असेल, नाहीतर कचेरीतला साहेब. असली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कोठारात आमचा मुकादम तसाच होता. मी सविस्तर लिहिलं. बोकडाला दावं लावू नये, दावं दिसलं की तो दुसऱ्या दिशेला जातो. त्याच्याकडे काहीतरी मोडकं घेऊन जावं आणि दुसऱ्या कुणाला जमणार नाही म्हणावं. त्याचा चारा कितीही वाईट असो, दोनदा मागून खावा. तू चुकलास असं चुकूनही म्हणू नये. बोकड आपण होऊन वळतो, फक्त वळताना आपल्याकडे कुणी बघत नाहीये असं त्याला वाटलं पाहिजे.

उत्तर आलं, "धन्यवाद. बोकड तुझ्याइतका जगात कुणाला कळत नसेल."

बरं वाटलं. अनुभवाची कदर करणारी तरुण माणसं आता राहिलीत कुठं?

मग त्यानं विचारलं, "आणि ते तुमचं खेचर? ते घाबरलेलं असेल असं नाही वाटत तुला?"

"खेचर कशाला घाबरेल?"

"समज, मी जिथं काम करते तिथं रोज घाबरण्यासारखं दिसतं. जास्त लिहिता येणार नाही. कोकरासाठी कुणीही घाबरतं, खिळ्या."

साळिंदर कधीकधी असं बाईमाणसाच्या तोंडचं बोलून दाखवतं. कोडी लहान असताना कोठारात धान्य वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्याजवळ गेला होता, तेव्हा मी हातातलं टाकून कसा धावलो होतो ते आज उगाच आठवलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

शिकारीचा मोसम सुरू झाला. कालच मला हरीण मिळालं. त्यापेक्षा मोठी बातमी म्हणजे टेसाचा फोन. मी कान टवकारून बसलो, भांडणाची पूर्ण तयारी ठेवून.

"मर्ल, एक अडचण आहे," ती म्हणाली. "बाबांच्या ब्यूटमधल्या गॅरेजमध्ये त्यांची जुनी बंदुकांची तिजोरी आहे. चकती फिरवून उघडायची, ती. पण चकती जाम झालीय. दोन दुकानदार म्हणाले, भंगारात टाका. कोडीला तर स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तेही कळत नाही."

"ते त्याच्या आईकडून आलंय," मी म्हणालो. आर्लिसनं मला लाटण्यानं ढोसलं.

"मी म्हटलं, एकदा तुम्हाला विचारावं. नाहीच जमलं तर राहू दे."

"नाहीच जमलं तर?" मी म्हणालो. "पोरी, तू आण तर."

रायफलचं तिनं नावसुद्धा काढलं नाही. मीही काढलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

काल कोडी मित्राला घेऊन तिजोरी टाकून गेला. टेसाची ड्यूटी होती, त्यामुळे ती आणि इंगा आल्या नाहीत. तिजोरी मागच्या दाराच्या आतल्या कोपऱ्याखेरीज कुठंच मावेना. तिथं रायफल उभी असते, म्हणून ती उचलून तिजोरीच्याच उघड्या दारात टेकवली. तात्पुरती.

काय वस्तू आहे! वायर नाही, बॅटरी नाही, बोटाचा ठसा मागत नाही. आकडा फक्त माणसाच्या डोक्यात. आतलं वंगण डांबरासारखं घट्ट झालंय. टेसानं सोबत इस्पितळातल्या बारीक चिमट्यांचा एक जुना संच पाठवला, उपयोगी पडेल म्हणून. पडला. पोरीला डोकं आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

फिरली! लोण्यातून सुरी जावी तशी चकती फिरते. मी आर्लिसला स्वयंपाकघरातून ओढत आणून तीनतीनदा दाखवलं.

मंचावर तिजोरीची स्तुती केली. साळिंदरनं लगेच विचारलं, "अशी तिजोरी असती तर तू रायफल कुलपात ठेवली असतीस?"

"अशी असेल तर गोष्ट वेगळी," मी लिहिलं. "कायद्याच्या धाकानं नाही. माझ्या मर्जीनं."

आणि आभाळ कोसळलं. "खिळा वाकला!" "खिळा विकला गेला!" ज्यांनी महिन्यापूर्वी टाळ्या पिटल्या तेच आता दगड घेऊन उभे. मी एकेकाला उत्तर दिलं. सक्तीला माझा विरोध होता, आहे आणि राहील. पण माझ्या घरात काय करावं हे सरकार ठरवणार नसेल तर मंचानं तरी का ठरवावं? साळिंदर माझ्या पाठीला पाठ लावून लढलं. इतकी मजा मला कित्येक महिन्यांत आली नव्हती.

टेसाला फोन केला, तुझी तिजोरी तयार आहे. ती आनंदानं ओरडलीच. मग म्हणाली, "पण मर्ल, आमच्या घरात ती ठेवायला जागाच नाही हो. ठेवाल तुमच्याकडे?"

आधीच कसं लक्षात आलं नाही तिच्या? तरुण माणसं, दुसरं काय. ठेवतो म्हणालो.

१६ नोव्हेंबर, रविवार

तिजोरीत रायफल उभी, दार उघडं, असा आठवडा गेला. येताजाता माझा खांदा त्या दाराला लागतो. आज सकाळी कुंपणापाशी खरोखरच कोल्हा आला. मी मुद्दाम तिजोरीचं दार लावलं, चकती फिरवली, आणि मग आकडा लावून उघडून बघितलं, वेळेवर जमतं का. रायफल घेऊन बाहेर गेलो तर कोल्हा अजून तिथंच कोंबड्यांकडे बघत बसला होता. हवेत एक बार काढला. निघून गेला.

आत आलो, रायफल पुसली, रिकामी केली. इंगाचे हात कसे असतील आता, ते डोळ्यांपुढं आलं. उन्हाळ्यात माझं एक बोट धरायला तिला अख्खी मूठ लागायची. मला त्या पोरीला रांगताना बघायचंय. बस्स, एवढंच आहे. इथं लिहायला काय लाज?

आर्लिस माझ्याकडे पाठ करून बटाटे सोलत होती, मोठमोठ्यानं गुणगुणत. मी रायफल आत ठेवली, दार लावलं आणि चकती फिरवली. ती वळली नाही. ऐकू आलं नसावं.

टेसाला मात्र फोन करणार नाही. तिनं म्हटलं आणि मी केलं, असं होता कामा नये. साळिंदरला तेवढं खाजगीत कळवलं, "रायफल कुलपात गेली. खेचराला सांगणार नाही." उत्तरात नुसती उद्गारचिन्हं, ओळभर. मग, "नकोच सांगू. खिळ्या, तू मोठा माणूस आहेस."

१७ नोव्हेंबर, सोमवार

कमाल झाली! सकाळीच टेसाचा फोन. थँक्सगिव्हिंगला तिघं येताहेत. रायफलबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बघा, माणूस ठाम राहिला की समोरचा नमतोच. आर्लिसला हे सांगितलं तर ती खोकत खोकत बाहेर निघून गेली. थंडी बाधली असावी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

आली! रांगते! मी पाहिलं!

नीट लिहितो. दुपारी गाडी आली. टेसानं मला मिठी मारली, ती नेहमीपेक्षा जरा लांबली. टर्की भट्टीत होती, आर्लिस बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्सा, लाटत होती. मी माझी कॉफी केली. या कॉफीला कोडी डांबर म्हणतो. टेसानं एक कप घेतला, आणि मग आपण होऊन दुसरा मागितला. पोरीची जीभ सुधारली आहे.

इंगाला खाली ठेवलं. तिनं चौघांकडे पाहिलं, आणि जी सुटली ती थेट मागच्या दाराकडे. एक हात पुढं, मग ढुंगण, मग दुसरा हात, आपलंच हसू आवरत नसल्यासारखी. मी खुर्चीतून अर्धा उठलो. मी टेसाकडे पाहिलं. तिनं पाहिलं होतं कुठं चालली आहे ते. पण ती जागची हलली नाही. दोन्ही हातांनी कप धरून तशीच बसून राहिली.

इंगा तिजोरीला धरून उभी राहिली आणि चकतीवर थापट्या मारायला लागली. मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो. तिनं माझं नाक धरलं. मग भट्टीचा धूर डोळ्यांत गेला. भट्टी बरीच लांब होती, पण धूर कुठंही जातो.

मी डोळे पुसायला कोठीच्या खोलीत गेलो. खिशात मंच वाजला. साळिंदरची पोस्ट होती, सगळ्यांसाठी.

"आज आमचं कोकरू बोकडाच्या गोठ्यात थेट मागच्या दारापर्यंत रांगत गेलं. मला जागचं उठावं लागलं नाही. एवढंच सांगायचं होतं."

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. भोपळ्याच्या बरण्यांच्या मधोमध मी खुळ्यासारखा उभा होतो. दाराच्या फटीतून पाहिलं, तर टेसा टेबलाखाली धरलेला फोन खिशात ठेवत होती.

म्हणजे सिअ‍ॅटल नाही. पोरगा नाही. आणि बोकड...

बोकड!

माझे कान तापले. मोडकं काहीतरी घेऊन जावं. चारा दोनदा मागून खावा. सगळं मी, माझ्या या दोन बोटांनी, टाइप करून दिलेलं! रागवावं म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. पण आधी पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि शेवटी भोपळ्याची एक बरणी फुटली.

"काय झालं?" आर्लिस ओरडली.

"उंदीर," मी म्हणालो.

बाहेर येऊन जेवायला बसलो. टेसाला म्हणायचं होतं, अगं, तू? पण नाही. मंचाचा पहिला नियम. ज्याचं नाव त्यानं आपण होऊन सांगितलं नाही, ते दुसऱ्यानं घेऊ नये. आयुष्यभर मी यासाठी भांडलो, आता घरातच मोडू? मी तिला टर्कीचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला. आणि गंजका खिळा म्हणजे मी हे तिला ठाऊक नाही, ही देवाचीच कृपा. ठाऊक असतं तर खेचर कोण, हेही कळलं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळभर आम्ही दोघं भांडलो. ती सोफ्यावर, मी खिडकीपाशी, दोघांच्या हातात फोन. बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपं चांगली की वाईट, हा विषय. ती म्हणाली, ठसा आपल्याच घरात राहत असेल तर काय हरकत? मी म्हणालो, आज ठसा, उद्या रक्त. मंच पेटला. मध्येच मी तिला लोणी दिलं, तिनं मला साखर दिली. आर्लिस दोघांकडे आळीपाळीनं बघत होती आणि कणकेत तोंड घालून हसत होती. कशाला, विचारलं तर म्हणाली, कणीक छान झालीय.

निघताना टेसानं इंगाचे कपडे पिशवीतून परत बाहेर काढले. म्हणाली, "मर्ल, डिसेंबरात माझ्या सलग ड्यूट्या आहेत. तेव्हा एक आठवडा इंगाला तुमच्याकडे ठेवू? हे कपडे आत्ताच ठेवून जाते. तुम्ही दोघंच असाल."

 ही तीच पोर, जी इंगाला उंबऱ्याच्या आत आणायला तयार नव्हती. एवढा आनंद झाला की कधी मंचावर जातो आणि साळिंदरला सांगतो असं झालं. खिशात हातही घातला. मग लक्षात आलं, साळिंदर माझ्यासमोर लंगोट मोजत उभी आहे.

मग एरवी मी जे नुसतं लिहूनच सांगतो, त्यातलं एक पहिल्यांदा तोंडानं म्हणालो. "टेसा, मला फार आनंद झाला. तू आमच्या घरात आलीस, याचासुद्धा."

"माहीत आहे मला, मर्ल," ती म्हणाली आणि माझ्या गालाचा पापा घेऊन गाडीत बसली.

गाडी वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवत होतो. तिला कसं माहीत, हे मात्र अजून कळलेलं नाही. मी तर कधी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं.